बेस गिटार: लाकूड, तारा आणि स्वर कुठे संपवायचा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षे साधी गिटार वाजवून झाल्यावर आपल्याला बेसकडे, म्हणजे खर्जाचे स्वर देणाऱ्या जाड तारांच्या गिटारकडे, वळायचे आहे, हाताशी पस्तीस हजार रुपये आहेत आणि निवड दोन वाद्यांपाशी अडली आहे. एकाची बॉडी स्वॅम्प ॲशची, फिंगरबोर्ड, म्हणजे बोटांनी तारा दाबण्याची पट्टी, मेपलचा, तारा पाच आणि आत बॅटरीवर चालणारे सर्किट. दुसऱ्याची बॉडी पॉप्लरची, फिंगरबोर्ड शिसवीचा, तारा चार आणि सर्किट साधे. यांतल्या कोणत्या लाकडाचा आवाज चांगला, असे आपण विचारता आणि त्याच दमात बेस वाजवणारा चांगला कशामुळे ठरतो, असेही विचारता. मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ ऑर्केस्ट्रात आणि रेकॉर्डिंगला बेस वाजवत आलो आहे आणि पुण्यात घरातल्याच एका खोलीत वाद्यदुरुस्तीही करतो. या दोन्ही कामांतून माझे एक मत पक्के झाले आहे. बेसचा स्वर सुरू कसा होतो याची चर्चा फार होते. पण वाद्याची आणि वादकाचीही खरी परीक्षा तो स्वर केव्हा आणि कसा संपतो, तिथे होते. पुढचे सारे उत्तर मी याच बाजूने लिहितो आहे.

लाकडाचा विषय आधी घेतो, कारण त्यावरच सर्वाधिक पैसे वाया जातात. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची केसाएवढी बारीक तार. पोलादी तार त्याच्यासमोर हलली की त्या गुंडाळीत वीज निर्माण होते आणि ती अँपकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरकडे, जाते. बॉडीचे लाकूड पिकअपला ऐकू येत नाही, त्याला तारेची हालचाल तेवढी कळते. लाकडाचा परिणाम होतो तो एवढ्याच वाटेने, की तारेची ऊर्जा लाकूड कोणत्या स्वराला किती शोषून घेते. तंबोऱ्याच्या भोपळ्याची गाज डोक्यात ठेवून आपल्याकडे बेसच्या लाकडाविषयी बोलले जाते, पण तंबोऱ्यात हवा हलवण्याचे काम भोपळा आणि तबली करतात. बेसमध्ये ते काम स्पीकर करतो. दोन वेगळ्या लाकडांच्या बॉडींवर तोच नेक (वाद्याची लांब मान), तेच पिकअप आणि त्याच तारा चढवून मी अनेकदा ऐकले आहे. फरक नसतोच असे मी म्हणणार नाही, पण तारांचा संच बदलल्याने जो फरक पडतो त्याच्यापुढे तो किरकोळ असतो.

लाकडांची जी परंपरा आज आवाजाच्या नावाने सांगितली जाते, तीही पुष्कळशी वखारीतल्या मालावर ठरलेली आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलरटन येथून प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा त्याची बॉडी ॲशची होती. १९५६ च्या सुमारास त्यांची फेंडर कंपनी मुख्यतः आल्डरकडे वळली, कारण आल्डर सहज मिळत असे आणि त्यावर रंग चढवणे सोपे होते. नेक आधी अखंड मेपलचे होते; त्यावरचा लॅकर घासला जाऊन ते काळवंडत, म्हणून १९५९ पासून वर गडद शिसवीची पट्टी आली. अलीकडचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. अमेरिकेत ॲशची झाडे पोखरणारा एक भुंगेरा पसरला, त्यात पुरांची भर पडली, आणि २०२० साली त्याच कंपनीने आपल्या नेहमीच्या बहुतेक मॉडेलांमधून ॲश काढून टाकल्याचे जाहीर केले. आपल्याला खुणावणारी स्वॅम्प ॲश मोलाची वाटते ती या टंचाईमुळेही.

शिसवीची गोष्ट तर आपल्या घरातली आहे. जुन्या वाड्यांतले पलंग आणि झोपाळे ज्या शिसवीचे असत, तिलाच गिटारच्या दुनियेत इंडियन रोझवूड म्हणतात; शास्त्रीय नाव डॅल्बर्जिया लॅटिफोलिया. २ जानेवारी २०१७ पासून ही संपूर्ण प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणयादीत गेली आणि एखादे वाद्य देशाबाहेर विकायचे तरी कागदपत्रे लागू लागली. त्या काळात अनेक कारखान्यांनी शिसव सोडून पाउ फेरो नावाचे दक्षिण अमेरिकी लाकूड धरले. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली आणि शिसव परतली. या दोन-तीन वर्षांत बनलेली वाद्ये आवाजाला वेगळी आहेत असे डोळे मिटून ओळखणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्याचे कारणही सोपे आहे. फ्रेट, म्हणजे फिंगरबोर्डवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, असलेल्या बेसवर तार लाकडाला टेकतच नाही. ती टेकते फ्रेटला, म्हणजे आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो त्या तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूला. मेपल हवा की शिसव हा प्रश्न म्हणून बोटांना काय आवडते आणि डोळ्यांना काय आवडते एवढाच उरतो.

याला एक खरा अपवाद आहे, तो फ्रेटलेस बेसचा. तिथे तार थेट फिंगरबोर्डवर दाबली जाते, त्यामुळे पृष्ठभाग किती कठीण आहे यावर स्वर किती वेळ टिकतो हे ठरते. अमेरिकी बेसवादक जॅको पास्टोरियस यांचा १९६२ चा, फेंडरचाच जॅझ बेस प्रसिद्ध आहे. त्यातले फ्रेट काढलेले होते, खाचा भरलेल्या होत्या आणि खरबरीत तारांनी लाकूड खाल्ले जाऊ नये म्हणून वर बोटींना लावतात त्या इपॉक्सीचा कठीण थर दिलेला होता. १९७६ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये जो स्वर गळ्यासारखा लांबत जातो, त्यात बोटांच्या कंपाइतकाच या थराचाही वाटा आहे. सामग्रीने आवाज बदलला असे छातीठोकपणे म्हणता येईल असे हे उदाहरण आहे, आणि ती सामग्री झाडाची नव्हती, हे लक्षात घ्यावे.

लाकडाचे खरे काम नेकमध्ये असते. चारही तारांचा मिळून ताण सुमारे ७० ते ८० किलो असतो, म्हणजे एक धडधाकट माणूस त्या पट्टीला सतत लोंबकळतो आहे. म्हणून आत नेकचा बाक आवरणारी पोलादी कांडी, म्हणजे ट्रस रॉड, असतो. ही कल्पना गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांच्या नावाने १९२० च्या दशकाच्या आरंभी पेटंट झाली. नेक ताठ असला तर तारेची ऊर्जा तारेत राहते. तो एखाद्या ठरावीक कंपनसंख्येला स्वतःच थरथरू लागला, तर त्या स्वराची ऊर्जा पिऊन टाकतो आणि तिथे स्वर लगेच विझतो. याला आम्ही डेड स्पॉट म्हणतो. लांब नेक आणि मोठे हेडस्टॉक (नेकचे खुंट्या असलेले टोक) असलेल्या बहुतेक बेसवर तो सर्वांत बारीक आणि उंच स्वराच्या, म्हणजे जी तारेवर, पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सापडतो.

माझा पहिला महागडा बेस असाच होता. सुंदर रेषांची ॲश, ऐटबाज रंग, आणि जी तारेवर सहाव्या फ्रेटचा सी शार्प दीड सेकंदात गतप्राण. विक्रेत्याने नव्या तारा टाकून पाहा, पिकअप वर घेऊन पाहा असे सांगून सहा महिने काढले. एका ज्येष्ठ कारागिराने मला बाकावर बसवले, तो सी शार्प वाजवायला सांगितला आणि सुताराचा छोटा सी-क्लॅम्प कापडाचा तुकडा मध्ये घालून हेडस्टॉकच्या टोकाला आवळला. तोच स्वर पुन्हा वाजवला तर तो टिकला! मेलेली जागा खाली, पाचव्या फ्रेटकडे सरकली होती. वजन वाढल्यामुळे नेकची थरथरण्याची कंपनसंख्या उतरली, एवढाच त्यातला हिशेब. बॉडीच्या ॲशचा त्या आजारात काहीही हात नव्हता. आजही माझ्याकडे कुणी नवा बेस दाखवायला आणला, तर मी प्रथम जी तारेवर चौथ्या फ्रेटपासून नवव्यापर्यंत एकेक स्वर धरून ठेवतो आणि मनात आकडे मोजतो. तीन किंवा पाच पट्ट्या उलटसुलट रेषांनी चिकटवून केलेले, आत कार्बनफायबरच्या कांड्या घातलेले नेक यासाठीच बनवतात. वाद्यरचनाकार नेड स्टाइनबर्गर यांनी १९८० च्या सुमारास हेडस्टॉकच काढून टाकून सबंध बेस कार्बनफायबर-मिश्रणात घडवला, तेव्हा त्याचे स्वर तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विलक्षण एकसारखे लागत. काहींना ते निर्जीव वाटले. मला स्वतःला त्यात पियानोची शिस्त ऐकू येते.

स्थानिक कारागिराकडून बेस करून घ्यायचा विचार असेल तर सागवान आणि महोगनी ही दोन नावे हमखास ऐकायला मिळतील. सागवान टिकाऊ आहे, पण तेलकट असल्याने जोडण्याआधी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून घ्यावा लागतो, नाहीतर डिंक धरत नाही. शिवाय ते जड असते. कोणते लाकूड यापेक्षा ते किती मुरवलेले आहे, आर्द्रता मोजून घेतली आहे का, हे विचारावे. ओल्या लाकडाचा नेक पहिल्याच उन्हाळ्यात पिळवटतो आणि पिळलेल्या नेकला कोणताही ट्रस रॉड सरळ करू शकत नाही.

बॉडीच्या लाकडाचा एक गुण मात्र मी गंभीरपणे घेतो, तो म्हणजे वजन. साधारण साडेतीन ते साडेचार किलो हे सुसह्य वजन आहे. तीन तासांचा कार्यक्रम उभ्याने वाजवल्यावर अर्ध्या किलोचा फरक खांद्याला कळतो. त्याहून महत्त्वाचा आहे तोल. पट्टा अडकवून उभे राहावे आणि दोन्ही हात सोडून द्यावेत. हेडस्टॉक जमिनीकडे झुकू लागला, तर ते वाद्य वाजवताना डाव्या हाताला नेक उचलून धरण्याचे काम जन्मभर करावे लागेल आणि त्याचे खरे काम, म्हणजे तारा गप्प ठेवणे, अर्धवट राहील.

तारांपाशी आवाज खऱ्या अर्थाने बदलतो. राउंडवाउंड तारेवर गोल तार गुंडाळलेली असते; ती चमकदार, घुमणारी आणि लांब टिकणारी असते. फ्लॅटवाउंड तारेवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते. तिचा स्वर ठाम उमटतो आणि लवकर मावळतो. जेम्स जेमर्सन यांचे नाव बेस वाजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. डेट्रॉइटच्या मोटाऊन स्टुडिओत १९६० च्या दशकात गाजलेल्या असंख्य गाण्यांचा बेस त्यांचा. त्यांच्याकडे १९६२ चा प्रिसिजन बेस होता, त्यावर जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या, आणि त्या तुटल्याशिवाय ते बदलत नसत. ब्रिजच्या, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या पट्टीच्या, झाकणाखाली तारांना टेकणारा स्पंजचा तुकडा असे, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) जास्त असे, आणि उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने ते वाजवत. त्याच काळात लॉस एंजेलिसमध्ये बेसवादक कॅरोल के पिकने, म्हणजे बोटांत धरायच्या छोट्या चकतीने, वाजवत आणि तारांवर फेल्टचा तुकडा ठेवून त्यांची गाज आवरत. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला ह्योफनर कंपनीचा बेस आखूड आणि पोकळ होता, त्याचाही स्वर टप्पकन उमटून विरणारा. म्हणजे ज्या आवाजाला आज आपण अस्सल जुना बेस म्हणतो, तो जुन्या लाकडापेक्षा लवकर संपणाऱ्या स्वराचा आवाज आहे. हजारो रुपये खर्चून जुने वाद्य शोधण्यापूर्वी भांडी घासायच्या नव्या स्पंजची दोन बोटे रुंद पट्टी कापून ब्रिजच्या पुढ्यात तारांखाली सरकवून पाहावी. माझे कित्येक विद्यार्थी त्या पाच रुपयांच्या तुकड्यानंतर नवे वाद्य घ्यायचे विसरून गेले आहेत.

पिकअपच्या बाबतीत त्याचा छाप कोणता यापेक्षा तो तारेच्या कोणत्या जागेखाली आहे हे पाहावे. ब्रिजजवळ तार कमी झुलते, तिथे मूळ स्वर क्षीण आणि वरचे अंशस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे उंच स्वर, ठळक ऐकू येतात. मध्याकडे सरकावे तसा मूळ स्वर भरतो. १९६० मध्ये आलेल्या जॅझ बेसचा मागचा पिकअप सत्तरच्या दशकात सुमारे एक सेंटीमीटरने ब्रिजकडे सरकवला गेला, आणि त्या एका सेंटीमीटरने दोन दशकांचे आवाज वेगळे ओळखू येतात. प्रिसिजनचा १९५७ पासूनचा दोन तुकड्यांचा पिकअप घरगुती विजेची घरघर आपोआप रद्द करतो. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप सारखे उघडले तर घरघर जाते, एक बंद केला की परत येते. ज्या घरात अर्थिंग नीट नाही तिथे ही घरघर वाद्याच्या माथी मारली जाते. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या ‘बिघडलेल्या’ बेसपैकी बऱ्याच बेसचा आजार भिंतीतल्या प्लगमध्ये असतो.

बॅटरीवरचे, म्हणजे ॲक्टिव्ह सर्किट म्युझिक मॅन कंपनीच्या १९७६ च्या स्टिंगरे बेसपासून विशेष लोकप्रिय झाले. ते वाईट नाही. पण ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याला ते खोटा दिलासा देते. स्वर पातळ वाटला की बोट ब्रिजपासून पुढे नेण्याऐवजी माणूस खर्जाचे बटण फिरवतो. शिवाय त्याची नऊ व्होल्टची बॅटरी केबल लावलेली असेपर्यंत खर्च होत राहते, वाजवा अथवा वाजवू नका. मध्यंतराला केबल काढून ठेवण्याची सवय नसेल तर एक दिवस भैरवीच्या आधी आवाज फाटू लागतो.

पाचव्या तारेविषयी माझे मत थोडे कडक आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत खालच्या स्वराची मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झची, पाचवी बी तार ३०.९ हर्ट्झची. छोट्या अँपवर तिचा मूळ स्वर निघतच नाही. खरे तर ४१ हर्ट्झही पुष्कळ स्पीकरांना नीट झेपत नाहीत. वरच्या ८२ आणि १२३ च्या अंशस्वरांवरून आपला कान खालचा स्वर जुळवून घेतो. पण माझा आक्षेप वेगळा आहे. आपण उरलेल्या चार तारा वाजवत असताना ती पाचवी, जाड तार सहकंपनाने गुपचूप घुमत राहते. सतारीच्या तरफा मुद्दाम घुमवण्यासाठी असतात. बेसवर नको असलेली तरफ सगळ्या गाण्यात चिखल करते. ती तार सतत अंगठ्याखाली दाबून ठेवण्याची सवय लागायला नवशिक्याला वर्ष लागते. चार तारांवर हात शिस्तीत आला की पाचवी घ्यावी.

अँपबद्दल थोडक्यात. घरी सरावाला चांगला हेडफोन किंवा वीस-पंचवीस वॅटचा लहान अँप पुरे. अँपेग कंपनीचा १९६९ चा ३०० वॅटचा अँप आणि त्याची दहा इंची आठ स्पीकरांची पेटी आजही स्टेजवर पाहिली की मान आदराने झुकते, पण ती उचलायला चार माणसे लागतात आणि आज बहुतेक कार्यक्रमांत बेस डीआय बॉक्स नावाच्या छोट्या जोडपेटीतून थेट मिक्सरला जातो. पैसे उरले तर ते अँपऐवजी सेटअपवर, म्हणजे नेकचा बाक आणि तारांची उंची जुळवून घेण्यावर, घालावेत.

सेटअप म्हणजे काय, हे एकदा स्वतः पाहून घ्यावे. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा, नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर ई तार उजव्या हाताने दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट पाहावी. ती ०.३ ते ०.३५ मिलिमीटर असावी. साधे व्हिजिटिंग कार्ड जवळपास तेवढ्याच जाडीचे असते. ते तारेला न उचलता जेमतेम सरकले तर नेक ठीक आहे. ढिले सरकले तर बाक जास्त, अडकले तर कमी. ट्रस रॉड फिरवायचा तो एका वेळी पाव फेरा, मग तारा सुरात लावून थांबायचे आणि पुन्हा मोजायचे. त्यानंतर सतराव्या फ्रेटवर ई तारेची उंची सुमारे २.४ मिलिमीटर आणि जी तारेची २ मिलिमीटर ठेवून पाहावी. जोरकस हाताला थोडी अधिक लागते. हे माप एकदा करून भागत नाही. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड पाणी पिते आणि विदर्भातल्या मे महिन्यात ते इतके सुकते की फ्रेटची टोके कडेने बाहेर येऊन तळव्याला ओरखडे काढतात. जूनच्या अखेरीस आणि दिवाळीनंतर अशा दोन वेळा मी माझी सगळी वाद्ये मोजून घेतो. पावसाळ्यात तारा पुसून ठेवल्या नाहीत तर आठवड्यात त्यांवर गंज दिसतो, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तरी.

आता दुसरा प्रश्न. काही वर्षांपूर्वी एका मराठी गाण्याच्या रेकॉर्डिंगला मी माझ्या मते उत्तम टेक दिला होता. खाली ढोलकी होती. ध्वनिमुद्रकाने बाकी सगळे बंद करून फक्त ढोलकी आणि बेस ऐकवले. माझा प्रत्येक स्वर जागच्या जागी सुरू होत होता. पण संपताना तो ढोलकीच्या धुमच्या घुमाऱ्यावर थोडासा सांडत होता. दोन खर्जाचे आवाज एकमेकांत मिसळून ढोलकी ओली आणि लांबची वाटत होती. त्याने माउसने माझ्या चार-पाच स्वरांच्या शेपट्या कापल्या, दुसरे काहीही केले नाही, आणि ढोलकीवाला जणू पुढे येऊन बसला. मी त्या वेळी सतरा वर्षे वाजवत होतो. त्या दिवसापासून मी स्वर सोडायला शिकू लागलो.

तबला ऐकणाऱ्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही. डग्ग्यावर मनगट टेकवून घुमारा किती वेळ चालू द्यायचा आणि कुठे दाबायचा, यातच डाव्या हाताची विद्या आहे. तीनतालाचा ठेका पाहा. तिसऱ्या विभागात ‘धा तिं तिं ता’ येताना डग्गा गप्प होतो आणि त्या गप्प होण्यावरूनच ऐकणाऱ्याला खाली कळते. खर्ज नसणे हीसुद्धा तालातली एक जागा असते. बेस वाजवणाऱ्याने मधल्या विरामाला तेवढीच किंमत द्यावी. किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि आपला स्वर एकत्र सुरू होणे हा अर्धा भाग झाला. स्नेअरचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा, ठोका पडण्याआधी आपला स्वर संपला आहे की त्याच्यातून वाहत गेला आहे, हा निर्णय प्रत्येक मात्रेला जाणीवपूर्वक घेतलेला असला पाहिजे. दोन्ही प्रकार योग्य असू शकतात. सवयीने झालेला प्रकार तेवढा चुकीचा.

हातांच्या भाषेत सांगायचे तर स्वर संपवताना डावे बोट तारेवरून उचलायचे नसते. दाब सोडायचा, पण बोट तारेला चिकटून राहू द्यायचे. तार फ्रेटपासून सुटते आणि कातड्याखाली गप्प होते. बोट पूर्ण उचलले तर मोकळी तार हलकेच वाजते. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर कायमचा रोवून ठेवू नये. वरच्या तारांकडे जाताना तो खालच्या जाड तारांवर सरकत यावा आणि त्यांना झोपवून ठेवावे. दोन्ही हात मिळून वाजवण्यापेक्षा थांबवण्याचे काम जास्त करतात, हे पहिल्या सहा महिन्यांत कुणी सांगत नाही.

सरावाचा एकच प्रकार सांगतो. मेट्रोनोम ६० वर ठेवावा, म्हणजे सेकंदाला एक ठोका. ई तारेवर पाचव्या फ्रेटचा ए वाजवावा आणि तो बरोबर अर्ध्या मात्रेला बंद करावा, पंधरा मिनिटे. मग पाऊण मात्रेला. मग पुढच्या ठोक्याला अगदी भिडेपर्यंत, पण त्याच्यावर न चढता. हे जमले की मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असे मानून पहिली मात्रा आपण धरावी. रोज फोनवर रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकावे; फोनच्या स्पीकरवर ऐकू नये, त्यातून खर्ज निघत नाही. पहिल्या आठवड्यात आपण किती ढिले वाजवतो हे ऐकून वाईट वाटेल. सगळ्यांना वाटते.

वेगाविषयी विद्यार्थी मला मोहिनी डे यांचे व्हिडिओ दाखवतात. मुंबईच्या या वादकाचे वादन मलाही थक्क करते, पण त्या वेगात प्रत्येक स्वर दाण्यासारखा सुटा का ऐकू येतो, याकडे मी मुलांचे लक्ष वेधतो. मागचा स्वर पूर्ण मेल्याशिवाय पुढचा जन्मत नाही, म्हणून. दुसऱ्या टोकाला राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ ऐकावेत. गोव्याकडच्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताला जे दिले त्याची नोंद पडद्यावर क्वचितच झाली, पण त्या काळातल्या गाण्यांचा बेस चांगल्या हेडफोनवर एकट्याने ऐकत गेलो की गाणाऱ्याच्या श्वासाला जागा सोडणे म्हणजे काय ते कळते. चांगल्या वादकाकडे आणखीही काही असावे लागते: कॉर्डचा मूळ स्वर कानाने ओळखणे, चारही तारांवर आवाजाची पातळी सारखी ठेवणे, आणि ड्रमरशी भांडण न करणे. शेवटचे मी अर्धे विनोदाने म्हणतो आहे.

तर आपल्या दोन वाद्यांपैकी, दुसरे काही दोष नसतील तर, पॉप्लरचा चार तारांचा साधा बेस घ्यावा, त्यावर फ्लॅटवाउंड तारांचा एक संच चढवून घ्यावा आणि उरलेल्या पैशांत एका जाणत्या कारागिराकडून सेटअप करून घ्यावा. दुकानात जाताना स्वतःचा पट्टा, एक व्हिजिटिंग कार्ड आणि हेडफोन बरोबर न्यावा. बेस अँपला न जोडता आधी हेडस्टॉकवर कान टेकवून प्रत्येक स्वर ऐकावा, बॉडीच्या बाजूने एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडा सरळ आहेत का ते पाहावे, हात सोडून तोल पाहावा. मग जी तारेवर चौथ्यापासून नवव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर धरून मोजावा. सगळे स्वर सारखेच टिकत असतील आणि ॲशचे वाद्य त्याच परीक्षेत कुठे अडखळत असेल, तर दुकानदार रेषांचे कितीही कौतुक करो, पॉप्लरचेच बिल करायला सांगावे.